तिसऱ्या बाजूचा मजकूर

नॉर्थ यॉर्कमधल्या सगळ्या गॅरेजांत बर्फातले विंटर टायर्स बसवण्यासाठी तीन आठवड्यांनंतरचा नंबर मिळत होता, म्हणून मृणालिनी त्या शनिवारी गाडी घेऊन ब्रॅम्पटनला गेली. दोन तास लागतील, असं गॅरेजवाल्याने सांगितलं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कॉफीच्या नावाखाली मिळणारं कोमट पाणी प्यायचं, नाहीतर समोरच्या देशी ग्रोसरीत उगाच फिरायचं, एवढेच दोन मार्ग होते. बाहेर नोव्हेंबरचा पाऊस होता... धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, गालाला लागला की टोचणारा. तिने कोटाची टोपी पुढे ओढली आणि रस्ता ओलांडला.

दुकानाच्या दाराशीच एक घडीचं टेबल मांडलेलं. त्यावर चार वाडगे, कागदी कपांत भाकरीचे तुकडे, आणि मागे स्वेटरवर एप्रन बांधलेला एक उंच माणूस. दोन पंजाबी बायकांना तो हिंदीतून कारळाच्या चटणीचं माहात्म्य सांगत होता आणि त्या तेवढ्याच गंभीरपणे चारही वाडग्यांतली चव घेऊन, काहीही न विकत घेता, पुढे गेल्या.

मृणालिनीने एक पाकीट उचललं. तिला कुठलंही पाकीट दिसलं की ते उलटंपालटं करून वाचायची सवय होती. सवय कसली, पोटापाण्याचा धंदाच होता तो. चार माणसांच्या एका छोट्या ऑफिसात ती खाद्यपदार्थांची लेबलं तपासायची: काय लिहिलंय, किती ग्रॅम, आणि जे लिहिलंय ते लिहायची परवानगी आहे का. पुढच्या बाजूला इंग्रजी. शेजारी फ्रेंच. दोन्ही नीट. आणि मग तिसऱ्या बाजूला, देवनागरीत:

'जवसाची चटणी ज्या घरात, कॅन्सर नाही त्या घरात.'

तिने ते दोनदा वाचलं. डाव्या बाजूला, बरगडीच्या वर, जिथे तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं होतं, तिथे तिचा हात आपोआप गेला. नाशिकला तिच्या घरी जवसाची चटणी नाही असा एक दिवस गेला नव्हता.

“हे असं लिहिता येत नाही,” ती म्हणाली. मराठीत.

त्या माणसाने आधी पाकिटाकडे, मग तिच्याकडे पाहिलं. “तुम्ही वाचलंत?”

“वाचायलाच छापलंय ना?”

“छापलंय तर त्यासाठीच. पण आजवर कुणी वाचलं नव्हतं. अर्धं गिऱ्हाईक पंजाबी, उरलेलं गुजराती. मराठी माणूस येतो, चव घेतो, किंमत विचारतो आणि ‘आमच्या आईची वेगळी असते’ म्हणून निघून जातो.”

तिला हसू आलं, ते तिने गिळलं. आजार टाळण्याचा असा दावा कुठल्याच भाषेत करता येत नाही, असं तिने बजावलं.

“दोन बाजू रीतसर तपासून घेतल्यात जी,” तो म्हणाला. त्या ‘जी’वरून नागपूर कळलंच. “तिसरी बाजू या देशात कोण वाचणार?”

“मी.”

“एकट्या तुम्ही.”

“एक पुरतो.”

तो हसला आणि भाकरीच्या तुकड्यावर चटणी ठेवून, वर तेलाची एक धार सोडून कप तिच्यापुढे केला. चटणी चांगली होती. हे फारच गैरसोयीचं होतं. तिने पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं, मजकूर बदलून घ्या म्हणून सांगितलं, आणि टायर झालेले असोत-नसोत, तिथून निघाली. कार्ड नियमासाठी दिलं, असं तिने गाडीत बसल्यावर स्वतःला तीन वेळा सांगितलं.

* * *

बुधवारी तो ऑफिसात हजर. नाव नंदन. अकरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, मग कंटाळला. आता आई आणि तो मिळून चार प्रकारच्या चटण्या करतात. बायको होती, ती आता देशाच्या दुसऱ्या टोकाला, सरेला असते आणि दर दिवाळीला न चुकता शुभेच्छा पाठवते. हे सगळं त्याने, कुणी विचारलेलं नसताना, खुर्चीत बसता बसता सांगून टाकलं. मृणालिनीने स्वतःबद्दल काहीच सांगितलं नाही. एकोणचाळीस वर्षांची, लग्न न झालेली, नॉर्थ यॉर्कच्या विसाव्या मजल्यावर एकटी राहणारी बाई काय सांगणार? आणि जे सांगण्यासारखं होतं, ते तिने सांगणंच बंद केलं होतं.

तिने त्याला नियम समजावला. कॅन्सरचं नाव घेऊन इथे मान्य झालेलं एक वाक्य आहे, तेही भाज्या आणि फळांपुरतं: भाज्या आणि फळं भरपूर असलेला आहार काही प्रकारच्या कॅन्सरचा धोका कमी करायला मदत करू शकतो.

नंदनने ते वाक्य मनाशी पुन्हा म्हणून पाहिलं. “काही प्रकारच्या... मदत... करू शकतो. या वाक्यात छातीवर हात ठेवून काही सांगणारा एकतरी शब्द आहे का?”

“नाही. म्हणूनच ते खरं आहे.”

“आणि माझ्या जवसाचं काय?”

जवसात तंतू, म्हणजे फायबर, भरपूर, ती म्हणाली. लिग्नन नावाचं द्रव्य आहे, त्यावर अभ्यास चाललाय, पण अजून पक्कं काही म्हणता येत नाही. तंतू आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर यांचा संबंध त्या मानाने चांगला तपासलेला आहे. तरी चटणीच्या पाकिटावर तसं म्हणता येणार नाही. किती ग्रॅम तंतू आहेत, तेवढं छापा.

“ग्रॅम सांगून कुणाचं मन जिंकता येतं का, मॅडम?”

“माझं येतं.”

बोलून गेली आणि मग तिचे कान तापले. नंदनने खाली मान घालून, फार काळजीपूर्वक, वहीत ‘ग्रॅम’ असं लिहून घेतलं.

त्यानंतर दर सोमवारी सकाळी त्याचा मेल यायचा. लेबलाचा नवा मसुदा. इंग्रजी तेच, फ्रेंच तेच. तिसरी बाजू दर वेळी निराळी.

पहिल्या सोमवारी: ‘ही चटणी खाऊन कुणाचं काहीही बरं झालेलं नाही. भाकरीबरोबर मात्र छान लागते.’ तिने लाल अक्षरात शेरा मारला: छान लागते, यास पुरावा जोडावा. मंगळवारी दुपारी रिसेप्शनवर चटणीचा डबा आला.

दुसऱ्या सोमवारी: ‘तंतू सहा ग्रॅम. मीठ बेताचं. बनवणारा माणूस सरळ स्वभावाचा.’ शेरा: शेवटचा दावा तपासलेला नाही.

तिसऱ्या सोमवारी: ‘तपासणीसाठी बनवणारा शुक्रवारी साडेपाचला फिंच स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात उपलब्ध.’

ते वाचून ती उठून खिडकीशी गेली. बाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता. मग लिहिलं: वेळ सहाची करावी.

शुक्रवारी तो आधीच येऊन बसला होता. दोघं काय बोलले ते सांगण्यासारखं फार नाही. कुणाच्या गावी पोह्यांवर काय घालतात यावर पाऊण तास गेला. निघताना तिच्या कोटाची चेन लागेना. केमोनंतर तिच्या बोटांची टोकं बधिर झाली होती, थंडीत तर चिमटीत काहीच धरता येत नसे. “गारठलेत हात,” ती म्हणाली. नंदनने काही विचारलं नाही. वाकून चेनचं टोक खाचेत बसवलं आणि सावकाश हनुवटीपर्यंत वर ओढली. त्याच्या केसांत बर्फाचे दोन कण होते. ते विरघळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली... आणि मग सबवेच्या जिन्यावर पोचल्यावर तिला आठवलं, की आपण खोटं बोललो.

* * *

ऑफिसातून घरी आल्यावर मृणालिनीचा एक नेम होता. लसूण ठेचायचा आणि लगेच तव्यावर टाकायचा नाही. दहा मिनिटं तसाच ठेवायचा. ठेचल्यावर त्यात जे औषधी द्रव्य तयार होतं त्याला थोडा अवधी लागतो, लगेच तापवलं तर ते बनायच्या आतच संपतं. टोमॅटो मात्र उलट: तेलात शिजला की त्याला लाल रंग देणारं लायकोपिन अंगी लागतं. हे सगळं तिला पाठ होतं. या गोष्टींनी काही हमी मिळत नाही, हेही पाठ होतं. तरी ती करायची. ती दहा मिनिटं घरात फ्रिजचा आवाज तेवढा असायचा आणि काचेपलीकडे चारशे-पाचशे खिडक्यांतले दिवे. त्या वेळेला नाशिकला पहाट असायची, आई उठलेली नसायची, तिलाही फोन करता यायचा नाही.

आई, म्हणजे प्रभाताई, सोडून तिच्या आजाराचं आता फारसं कुणाला माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं चार जणांना. सगळी चांगली माणसं. पण प्रत्येकाने, अगदी मायेने, एकच प्रश्न विचारला: काय खायचीस गं तू? बाहेरचं फार होतं का? अनुपनेही तोच विचारला. त्याच्याशी लग्न ठरल्यात जमा होतं. त्याने बेचाळीस पदार्थांची यादी करून पाठवली, एक्सेलमध्ये, रंग देऊन. हिरवे रोज, पिवळे आठवड्यातून तीनदा, लाल कधीच नाही. मृणालिनी ते वाचत बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की हिरव्यातलं सगळंच ती लहानपणापासून खात आली होती. त्यानंतर अनुपचे फोन दिवसाआड झाले, मग आठवड्याला, मग सणासुदीला. भांडण असं झालंच नाही.

म्हणून आता लसणाच्या दहा मिनिटांत नंदनचा फोन यायला लागला, तेव्हा ती रोज ठरवायची की आज सांगू. फोनवर तो मिक्सरच्या भांड्यावरून आईशी झालेली भांडणं सांगायचा, ती लेबलांवरचे विनोद सांगायची. एकदा लसूण पन्नास मिनिटं पडून राहिला. ती तोंड उघडायची... आणि मनात यायचं, की सांगितल्यावर त्याचा आवाज बदलेल. हळू होईल, कापसात गुंडाळल्यासारखा. आणि मग तो विचारेल, काय खायचात तुम्ही? आज नको, ती म्हणायची. आजचा दिवस हा आवाज असाच राहू दे.

जानेवारीत एका सोमवारी मेल आलाच नाही. संध्याकाळी फोनवर नंदनचा सूर पडलेला. थट्टा म्हणून लेबल लांबवता येईल तितकं लांबवलं, आता दुकानदार मागे लागलाय. आणि खरी गोष्ट अशी, की ते जुनं वाक्य त्याचं नाहीच, आईचं आहे. आई म्हणते, माझ्या चटणीवर माझं वाक्य राहील, नाहीतर चटणीच राहणार नाही.

“बाबा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले,” तो म्हणाला. “सहा वर्षं झाली. मला तिच्याशी या विषयावर बोलताच येत नाही. तुम्ही सांगाल तिला?”

* * *

चटण्या करण्यासाठी त्यांनी ताशी भाड्याने घेतलेलं स्वयंपाकघर ब्रॅम्पटनच्या गोदामांच्या रांगेत होतं. रविवारची दुपार, बाहेर उणे चौदा, आत भाजलेल्या जवसाचा खमंग धूर. नंदनच्या आई, सुरेखाबाई, ठेंगण्या, सत्तरीच्या. पंजाबी ड्रेसवर स्वेटर, पायात जाड मोजे, डोक्यावर जाळीची टोपी. त्यांनी मृणालिनीला आधी खायला बसवलं, तिचं नाशिकचं घर कुठल्या गल्लीत ते विचारून घेतलं, आणि मगच मुद्द्यावर आल्या.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. जनार्दनराव, म्हणजे त्यांचे यजमान, आयुष्यभर चहाबरोबर मैद्याची बिस्किटं खात आले. भाजी ताटात वाढली की बाजूला सारायचे. सुरेखाबाईंनीही कधी फार आग्रह केला नाही. दमून घरी आलेल्या माणसाशी कशाला वाद. आजार कळल्यापासून सहा महिन्यांत गेले. त्यानंतर वर्तमानपत्राच्या पुरवणीत वाचलं, मग फोनवर एकामागून एक मेसेज येत राहिले: तंतू खा, जवस खा, हे टळतं.

“मला कुणी आधी सांगितलं असतं तर,” सुरेखाबाई म्हणाल्या. “म्हणून मी सांगते लोकांना. त्यात तुझ्या सरकारचं काय जातं?”

नंदन पलीकडे ट्रेमध्ये पाकिटं रचत होता. त्याने मान वर केली नाही.

मृणालिनीने ऑफिसातलं ठेवणीतलं सगळं सांगून पाहिलं. नीट खाणारी हजार माणसं घ्या, काकू, आणि नीट न खाणारी हजार. पहिल्या हजारांत थोडी कमी आजारी पडतात. थोडीच. ती नेमकी कोण, ते कुणालाच सांगता येत नाही.

“म्हणजे खायचं ना?”

“खायचं.”

“मग माझं काय चुकलं?”

ऑफिसातली भाषा इथे संपली. तिने पाकीट हातात घेतलं, तिसरी बाजू वर केली. आता बोललं नाही तर हे वाक्य राहणार होतं. आणि बोललं, तर पलीकडे उभा असलेला माणूस ऐकणार होता. असं सांगायचं तिने कधीच योजलं नव्हतं. सांगायचंच झालं तर कुठेतरी दोघंच असताना, हळूच.

“ज्या घरात ही चटणी रोज होती आणि तरी कॅन्सर आला,” ती म्हणाली, “त्या घराने हे वाक्य कसं वाचायचं, काकू?”

“असं कुठलं घर?”

“माझं.”

पाकिटांचा आवाज थांबला.

“मला झाला होता. छातीचा. तीन वर्षं झाली.”

सुरेखाबाई दोन पावलं पुढे आल्या. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो यायचाच होता. “काय खात होतीस गं तू?”

पण त्यांचा आवाज निराळा होता. त्यात दोष नव्हता. काहीतरी शोधणाऱ्या माणसाची धडपड होती. म्हणून मृणालिनीने पहिल्यांदाच उत्तर दिलं. ज्वारीची भाकरी. कोबी, पालक, मेथी. वरणात हळद. ठेचलेला लसूण. पेरू. दारू नाही, सिगारेट नाही. आणि जेवणात रोज, डाव्या बाजूला, जवसाची चटणी.

“सगळं?”

“सगळं.”

“आणि तरी?”

“आणि तरी.”

सुरेखाबाई जवळच्या जवसाच्या पोत्यावर टेकल्या. दोन्ही हातांना चटणी लागलेली, ते हात तसेच मांडीवर उताणे. “म्हणजे ह्यांचं... मी आग्रह करून घातलं असतं, तरी...”

“ते मला माहीत नाही, काकू. कुणालाच नाही. पण ते तुमच्यामुळे गेले, असं कुणी म्हणू शकत नाही. तुम्हीसुद्धा नाही.”

म्हातारीने डोळे पुसायला हात उचलला, चटणीतलं तिखट आठवून तो पुन्हा खाली ठेवला, आणि गालांवरून पाणी तसंच वाहू दिलं. मृणालिनीने आपल्या रुमालाने त्यांचे डोळे टिपले. टिपता टिपता तिचं लक्ष पलीकडे गेलं. ट्रे अर्धा रचलेला होता. मागचं दार नुकतंच बंद झालं होतं. खिडकीच्या काचेतून नंदनची पाठ दिसली; उणे चौदात, कोट न घालता, गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून उभी.

ती पंधरा मिनिटं थांबली. मग वीस. तो आत आला नाही. तिने कोट अंगात घातला, चेनशी थोडी झटापट केली, ती सोडून दिली आणि उघड्या कोटानेच गाडीपर्यंत गेली.

* * *

सोमवारी मेल नाही. मंगळवारी आला. तिसरी बाजू बदललेली: ‘जवस, लसूण, तिखट, मीठ. तंतू सहा ग्रॅम. रोज खा, आवडीने खा.’ शेवटचे शब्द सुरेखाबाईंचेच असणार. मसुद्यात दुसरं काही नव्हतं. वाकडं अक्षर नाही, चिमटा नाही, एवढंसं काही नाही. मृणालिनी लाल पेनाचं टोक दाताखाली धरून बसली. तक्रारीला जागाच नव्हती. तिने ‘मंजूर’ लिहून पाठवून दिलं.

त्या संध्याकाळी लसूण ठेचला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. फोन वाजला नाही. बुधवारी तिने ठेचलाच नाही. टोस्ट खाल्ला, सिंकशी उभ्याने. गंमत बघा, तिला राग येत नव्हता. अनुपच्या वेळी तरी थोडा आला होता. नंदनने यादी पाठवली नाही, आवाज कापसात गुंडाळला नाही, काहीच केलं नाही. आणि हे काहीच न करणं कशात बसवावं ते तिला कळेना. विसाव्या मजल्यावरून खाली बर्फ काढणाऱ्या गाड्यांचे पिवळे दिवे फिरताना दिसत. एका खिडकीत कुणीतरी कुणाला तरी ताट वाढत होतं. तिने पडदा ओढला.

शुक्रवारी साडेपाचला, सगळे निघाल्यावर, तो ऑफिसच्या दारात उभा होता. दाढी वाढलेली. बसा म्हटल्यावरही बसला नाही.

“घाबरलो होतो,” तो म्हणाला.

“मला वाटलंच.”

“तुम्हाला नाही. म्हणजे... तुमच्या आजारालाही घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण मुख्य म्हणजे मला.” तो खिडकीकडे बघून बोलत होता. “बाबांच्या वेळी मी इथेच होतो. सहा महिने. रोज व्हिडिओ कॉल करायचो, ‘कसे आहात’ विचारायचो, आणि त्यांनी खरं सांगायला सुरुवात केली की ‘बाबा, मीटिंग आहे’ म्हणून फोन ठेवायचो. मीटिंग नसायची. शेवटी गेलो तो तेराव्याला पोचलो. आईला वाटतं, तिच्यामुळे गेले. मी तिला कधी म्हटलं नाही की नाही गं. का, माहीत आहे? ती स्वतःला दोष देत होती तोवर माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.”

मृणालिनीने लाल पेन खाली ठेवलं. बाहेर लिफ्टचं दार उघडलं आणि मिटलं.

“तुम्ही त्या दिवशी दोन वाक्यांत तिला जे दिलंत, ते मला सहा वर्षांत जमलं नाही. मग चार-पाच दिवस बघत होतो, मी अजून तसाच फोन ठेवणारा माणूस आहे का.”

“आणि?”

“कळलं नाही. म्हणून आलो.”

ती गोड उत्तराची तयारी करून बसली होती. गोड उत्तर आलं असतं तर तिने ते नम्रपणे परत केलं असतं. हे उत्तर परत करता येण्यासारखं नव्हतं.

“माझ्याकडे सांगण्यासारखं काही पक्कं नाही,” ती म्हणाली. “तीन वर्षं ठीक गेलीत. पुढची कशी जातील ते...”

“मी विचारलं का?”

“नाही. पण मी सांगतेय. तू ऐकून घे.” ‘तू’ तिच्या तोंडून कधी निघालं ते तिलाही कळलं नाही, त्याला कळलं. “येत्या मंगळवारी वर्षाची तपासणी आहे. तीन तास जातात. दोन मिनिटांचं काम, बाकी नुसतं बसायचं. टीव्हीवर घरं विकायचे कार्यक्रम लागलेले असतात, पार्किंग महाग असतं आणि मासिकं जुनी असतात. मी नेहमी एकटीच जाते... मला आता एकटीला जायचा कंटाळा आलाय, नंदन.”

त्याने मागचापुढचा काही विचार केल्यासारखं दिसलं नाही.

“किती वाजता निघायचं?”

* * *

मंगळवारी पाऊस होता. झाडांवरचा बर्फ भुसभुशीत होऊन रस्त्यावर पडत होता. नंदन वीस मिनिटं आधी आला आणि गाडीत अजिबात विनोद केले नाहीत. ती म्हणाली, असा राहणार असशील तर बसने जाते, तेव्हा एक केला, तोही वाईट.

काउंटरमागच्या बाईने कॉम्प्युटरवर तिचा पत्ता पडताळला, फोन नंबर पडताळला. मग, वेळप्रसंगी कळवायचं कुणाला म्हणून जे नाव आणि नातं होतं, ते वाचून तिच्या भुवया वर गेल्या. तीन वर्षांपूर्वी मृणालिनीला कुणाचंच नाव सुचलं नव्हतं, म्हणून तिने आपल्या बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या सुपरिंटेंडंटचा नंबर देऊन ठेवला होता. त्या बिचाऱ्याला ते माहीतही नव्हतं.

हेच ठेवायचं का, बाईने विचारलं.

“नाही,” मृणालिनी म्हणाली, आणि बाजूला सरकून काउंटरवर जागा केली.

नंदनने नाव सांगितलं. नंबर सांगितला. आडनावाचं स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि बाईने पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा, घाई न करता. मग तिने पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. नातं?

तो काहीतरी म्हणायला गेला आणि थांबला. मृणालिनीकडे बघितलं. मागे रांगेत एक म्हातारे गृहस्थ खोकले.

“माझा माणूस आहे,” ती म्हणाली. इंग्रजी शब्द शोधायच्या आधी मराठीच तोंडात आलं.

बाईने मान किंचित कलती केली. कळलं नव्हतं तिला. नंदनने घसा खाकरला.

“शी सेज, आय ॲम विथ हर,” तो म्हणाला. आणि मग, बाईला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून की स्वतःलाच पुन्हा ऐकायचं होतं म्हणून, त्याने ते आणखी एकदा सांगितलं.